लहानपणीचा मित्र पुन्हा भेटलाय. हे प्रेम आहे की जुन्या दिवसांची ओढ?

"मॅडम, लहानपणी आम्ही सतत एकत्र असायचो. मध्ये अकरा वर्षं काहीच संपर्क नव्हता. आता पुन्हा भेटलो आणि तो मला आवडायला लागलाय. पण हे खरंच प्रेम आहे की जुन्या दिवसांची ओढ? आणि बोलून दाखवलं तर आहे ती मैत्रीही जाईल का?"

थोड्याफार फरकानं हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. विचारणारे मुलगेही असतात, मुलीही. बहुतेक जण विशीतले. खाली सांगते ती हकिगत अशाच एका मुलीची आहे. तिच्या संमतीनं लिहिते आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती २४ वर्षांची, तो वर्षभरानं मोठा. ती सहा वर्षांची असल्यापासून दोघांची घरं शेजारी होती. ती तेरा वर्षांची असताना त्याच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब निघून गेलं. त्यानंतर एकदम गाठ पडली ती एका समाईक मित्राच्या लग्नात. त्या दिवसापासून रोज बोलणं सुरू झालं, मग दिवसातून दोनदा, मग रात्री उशिरापर्यंत. काही महिन्यांनी ती माझ्यासमोर बसली तेव्हा तिची झोप पार बिघडली होती. त्याच्या उत्तराला उशीर झाला की कामात लक्ष लागत नव्हतं.

पहिल्या भेटीत मात्र ती प्रेमाबद्दल फारसं बोललीच नाही. बोलली ती अपराधीपणाबद्दल. तिची आई सगळ्यांना सांगायची, "ही दोघं भावंडांसारखी वाढली." शिवाय एकत्र वाढलेल्या मुलांना मोठेपणी एकमेकांचं आकर्षण वाटत नाही, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. मग मला वाटतंय म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय का, असं तिनं खाली मान घालून विचारलं.

तिनं वाचलं होतं त्यात तथ्य आहे, पण ते अर्धं होतं. फिनलंडचे अभ्यासक एडवर्ड वेस्टरमार्क यांनी १८९१ मध्ये हे मांडलं, की अगदी बालपणी जे एका घरात, एका छपराखाली वाढतात त्यांच्यात पुढे सहसा शारीरिक आकर्षण निर्माण होत नाही. नंतर इस्रायलमधल्या किबुत्झ नावाच्या सामूहिक वस्त्यांचा अभ्यास झाला. तिथं मुलं आईवडिलांच्या घरी न राहता तान्हेपणापासून एकाच बालगटात राहायची, खायची, झोपायची. अभ्यासक जोसेफ शेफर यांनी १९७१ मध्ये हजारो लग्नांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लहानपणापासून एकाच गटात वाढलेल्या मुलामुलींची आपसात झालेली लग्नं त्यांना जवळजवळ सापडलीच नाहीत. पण तिथं महत्त्वाची होती ती आयुष्याची पहिली पाच-सहा वर्षं, आणि तीही अखंड सहवासातली. ही दोघं भेटलीच त्या वयानंतर. घरं वेगळी होती, रोज संध्याकाळी प्रत्येक जण आपापल्या घरी जात होता. "भावंडांसारखी" हा आईच्या मायेचा शब्द होता. तिच्या भावनेत वावगं काही नव्हतं, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ते सांगणं गरजेचं होतं, कारण अपराधीपणाखाली दबलेलं माणूस स्वतःला नीट प्रश्न विचारूच शकत नाही.

तिचा खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला.

मी तिला एक काम दिलं. एका कागदावर त्याच्याबद्दल तेरा वर्षांपर्यंत जे माहीत होतं ते लिहायचं. दुसऱ्यावर फक्त या काही महिन्यांत नव्यानं कळलेलं. पहिला कागद दोन्ही बाजूंनी भरून आला. तो कशाला घाबरायचा, कुणाची नक्कल करायचा, हरला की कसा गप्प व्हायचा, सगळं. दुसऱ्यावर चारच ओळी, त्यातल्या दोन नोकरीच्या. ते पाहून ती हिरमुसली. "म्हणजे हे प्रेम नाहीच का?"

मी तसं म्हणत नव्हते. ओळखीच्या माणसाजवळ मन लवकर मोकळं होतं, हा मनाचा धर्मच आहे. जी गोष्ट वारंवार नजरेसमोर असते ती केवळ तेवढ्यानंही आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. जुन्या मित्राशी दहा मिनिटांत सूर जुळतात त्यात या परिचयाचा वाटा मोठा असतो. ती जवळीक खोटी नसते. पण ती आपल्याला एका चकव्यात टाकते: मी याला आरपार ओळखते, असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात आपण ओळखतो तो एका मुलाला. समोर बसलेल्या तरुणाची अकरा वर्षं आपल्याला ठाऊकच नसतात. आणि ती साधी वर्षं नसतात. तेरा ते चोवीस या वयात माणूस जितका बदलतो तितका पुढे क्वचितच बदलतो.

अशा जोड्यांच्या बाबतीत "नशिबातच होतं" ही भाषा फार लवकर येते. मला तिची धास्ती वाटते. एकदा नशिबावर सोपवलं की माणसं प्रश्न विचारायचं सोडून देतात. अनोळखी माणसाशी लग्न जुळवताना शंभर चौकशा करणारी मुलगी जुन्या मित्राला तो पैसे कसे हाताळतो, रागावल्यावर काय करतो, आधीचं नातं असेल तर ते का संपलं, हे विचारत नाही. विचारलं तर त्या जुन्या विश्वासाला तडा जाईल असं तिला वाटतं.

मी तिला म्हटलं, भावना सांगण्याची घाई करू नकोस, आधी मधली वर्षं विचार. आणि तुझीही सांग.

पुढच्या भेटीला ती आली तेव्हा गोंधळलेली होती, पण हा गोंधळ वेगळा होता. तिच्या आठवणीतली सगळ्यात सुंदर गोष्ट अशी, की तो रोज संध्याकाळी अभ्यासाला तिच्या घरी यायचा आणि जेवूनच परत जायचा. हेच तिनं त्याच्याजवळ काढलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की त्या वर्षांत त्याच्या घरी रोज संध्याकाळी भांडणं व्हायची. घरी थांबायला नको म्हणून तो यायचा. बदली झाल्यावर भांडणं तशीच राहिली, फक्त जायला दुसरं घर उरलं नाही.

एकाच संध्याकाळच्या या दोन आठवणी. आपण भूतकाळ जसाच्या तसा साठवत नाही, दर वेळी आठवताना तो नव्यानं रचतो, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं. मला मात्र इथं दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. तिचं घर हा त्याचा आसरा होता. मग आता तो ओढीनं परत आला आहे तो तिच्याकडे, की त्या आसऱ्याकडे? आणि हे कळल्यावर तिच्या मनात जे दाटून आलं, त्यात प्रेम किती आणि त्याला सावरण्याची इच्छा किती? दोन्ही चांगल्याच भावना आहेत. पण सावरण्याच्या इच्छेवर संसार उभा केला तर एक जण कायम देणारा राहतो आणि दुसरा कायम घेणारा. अशी नाती पुढे थकलेली मी पाहिली आहेत.

हा प्रश्न तिनं त्याला थेट विचारला. मला तिचं फार कौतुक वाटलं. "तुला माझी आठवण यायची की आमच्या घराची?" तो म्हणाला, "लग्नात भेटलो तेव्हा घराचीच आली. पण आता तू माझ्या नोकरीवरून माझ्याशी वाद घालतेस, ती तू मला तेव्हा माहीतच नव्हतीस."

ते ऐकल्यावर मी तिला म्हटलं, आता बोलायला हरकत नाही.

मैत्री जाईल ही भीती तिला होतीच. तुमच्यातल्या अनेकांना असेल. तिला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मैत्रीतून प्रेम होणं ही काही आगळीवेगळी गोष्ट नाही. कॅनडा आणि अमेरिकेतल्या सुमारे १,९०० जणांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास दोन तृतीयांश लोकांनी आपलं नातं आधी मैत्रीचं होतं असं सांगितलं. दुसरी गोष्ट जास्त कठीण. ती ज्या मैत्रीला जपू पाहत होती ती आधीच बदललेली होती. त्याच्या प्रत्येक मेसेजचा अर्थ लावत बसणं, त्यानं दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं की आतून कोसळणं आणि वरून हसणं, ही मैत्री नव्हे. न बोलल्यानं ती जपली जात नव्हती.

कसं बोलायचं यावर आम्ही बराच वेळ दिला. रात्री बारा वाजता मेसेजवर नाही. मित्रांमार्फत नाही. चार लोकांसमोर तर मुळीच नाही. आणि लगेच उत्तर मागायचं नाही. तिनं समोरासमोर सांगितलं, "मला तू आवडतोस. मित्र म्हणून नव्हे, त्यापुढे. तुला वेळ हवा असेल तर घे, आणि नाही म्हणायचं असेल तर तेही चालेल." त्यानं वेळ घेतला. ते दिवस तिला अतिशय जड गेले, रोज विचारावंसं वाटायचं. तिनं विचारलं नाही. तो होय म्हणाला.

सगळ्यांना होकार मिळत नाही. नकार आला तर "आपण पूर्वीसारखेच राहू" असं दुसऱ्याच दिवशी म्हणू नका. काही आठवडे, काही महिने अंतर ठेवायचा तुम्हाला हक्क आहे आणि तसं सांगून अंतर ठेवलं तर ते रुसणं ठरत नाही. कालांतराने मैत्री परत येते कधी कधी, थोडी वेगळी होऊन. कधी येत नाही. आणि दोघांपैकी एक जण आधीच दुसऱ्या नात्यात असेल, तर जुनी ओळख ही सबब होऊ देऊ नका. आधी त्या नात्यातल्या माणसाशी खरं बोलावं लागतं.

ती दोघं आता एकत्र येतात माझ्याकडे. सध्याचा मुद्दा आहे तिच्या आईला कधी सांगायचं हा. तिला लगेच सांगायचंय, दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत. त्याला नवी नोकरी थोडी स्थिरावू द्यायची आहे, कारण ज्या घरानं आपल्याला जेवू घातलं तिथं रिकाम्या हातानं जाऊन हे मागायचं त्याला अवघड वाटतं. मागच्या भेटीत त्यानं हे पहिल्यांदा तिच्यासमोर बोलून दाखवलं. पुढच्या भेटीत आम्ही तिथूनच सुरुवात करणार आहोत.