‘मी डोलकर’ हे लोकगीत आहे का? मुळात लोकगीत कशाला म्हणायचं?

या प्रश्नापायी मी एकदा बक्षीस घालवलंय. कॉलेजच्या स्पर्धेत लोकगीत गटात आम्ही हेच गाणं म्हटलं. परीक्षक म्हणाले, "गीत शांता शेळक्यांचं, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. लोकगीताचा कर्ता अज्ञात असतो. बाद!" बरं, मान्य. पण आमच्या मागून आलेल्या मुलींनी पठ्ठे बापूरावांची लावणी म्हटली आणि पहिला नंबर नेला. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १९४५ साली वारले. लावणीत स्वतःचं नाव गुंफणारा माणूस. अज्ञात कसला?

तेव्हा ही कसोटी काही टिकत नाही. जुनं ते लोकगीत म्हणावं, तर ‘सौभद्रा’तली पदं १८८२ पासूनची आहेत, त्यांना कोणी लोकगीत म्हणत नाही. ढोलकी वाजली की लोकगीत म्हणावं, तर निम्मे तमाशापट आत येतात.

त्यातल्या त्यात मला पटते ती १९५४ ची व्याख्या. आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने ब्राझीलमध्ये साओ पावलोला ती केली. सार असं: गाणं तोंडोतोंडी चालत आलेलं हवं, गाणाऱ्यागणिक बदलणारं हवं, आणि काय ठेवायचं, काय टाकायचं हे त्या समाजाने ठरवलेलं हवं. मूळ कर्ता ठाऊक असला तरी हरकत नाही. मात्र तयार गाणं उचललं आणि जसंच्या तसं म्हणत राहिले, तर ते लोकगीत नव्हे. (या परिषदेने पुढे १९८१ मध्ये स्वतःच्याच नावातून ‘लोक’ काढून ‘पारंपरिक’ घातलं. त्यांनाही तो शब्द जड झाला असावा.)

जात्यावरची ओवी यात बिनतक्रार बसते. माझ्या आजीची आणि मावशीची ओवी सुरू एकच होते, पुढे भावाचं नाव वेगळं, माहेरचं गाव वेगळं, आणि मावशीची जाऊबाईंवर जरा घसरते.

राहिला डोलकर. लता-हेमंतकुमारांची रेकॉर्ड लोकगीत नाही, परीक्षक तेवढ्यापुरते बरोबर. पण आमच्या बाजूच्या कोळीवाड्यात हळदीला बेंजोवाला ते सुरू करतो तेव्हा पहिल्या दोन ओळी रेकॉर्डच्या असतात. मग लय दुप्पट होते, बायका त्यात नवरदेवाचं नाव घालतात, त्याच्या होडीचं घालतात, होणाऱ्या सासूला एक टोमणा हाणतात. पुढच्या हळदीत ओळी निराळ्या. ते लोकगीतच आहे, मला पुन्हा बाद केलं तरी.