जेवढे एचपी तेवढा कपॅसिटर नव्हे

प्रश्न: गोराईत वाडी आहे. विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज मोटार. दुकानदाराने ‘जेवढे एचपी तेवढे केव्हीएआर (कपॅसिटरचं माप)’ म्हणत लाइनचा करंट उतरवायला ५ केव्हीएआरचा कपॅसिटर दिला. तेव्हापासून स्टार्टरचे कॉन्टॅक्ट दोनदा जळाले. मोटार खराब आहे का?

उत्तर: मोटार ठीक असावी, माप चुकलंय. तो कपॅसिटर आजच काढा. हा दुकानदारी हिशोब मी कितीतरी वाड्यांवर पाहिला आणि प्रत्येक ठिकाणी भुर्दंड शेतकऱ्यालाच बसला. ३ एचपीला १ केव्हीएआर, ५ ला २, साडेसातला ३, १० ला ४, १५ ला ५, एवढंच लागतं. मोटार रिकामी फिरताना जेवढा केव्हीए (व्होल्टेज आणि करंट मिळून होणारी ओढ) घेते त्याच्या ९० टक्क्यांपुढे कपॅसिटर जाता कामा नये. (हे मोजायला मोनोब्लॉक, म्हणजे पंप आणि मोटार एकत्र असलेली, कोरडी चालवू नका, सील जाईल. रिवाइंडिंगवाल्याकडे मोटार सुटी असते तेव्हा मोजून घ्या.)

जास्त लावला तर काय होतं? पूर्ण लोडवर तुमची मोटार साधारण साडेसात अँपिअर ओढते. २ केव्हीएआर लावला की लाइनवरचा करंट सव्वासहाच्या आसपास येतो. ५ चा लावला तर तो आणखी उतरत नाही, उलट साडेसहापर्यंत चढतो. शिवाय बटण बंद केल्यावर मोटार थांबेपर्यंत फिरते. तेवढ्या वेळात जादा कपॅसिटर तिला जनरेटरसारखं वागायला लावतो, व्होल्टेज उसळतं, वायंडिंग मार खातं. चालू करताना कपॅसिटर जो झटका ओढतो तो कॉन्टॅक्टवर बसतो, म्हणून तुमचे जळाले. जास्त म्हणजे चांगलं, हे खताला लागू नाही आणि इथेही नाही.

माझा आग्रह एकच: आधी क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून करंट मोजणारा), मग खरेदी. वायरमनला पंप भरल्या पाण्यावर चालवून कपॅसिटरशिवाय आणि कपॅसिटरसकट, दोन्ही वेळचा स्टार्टरच्या आधीचा करंट मोजायला लावा आणि आकडे भिंतीवर खडूने लिहा. मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, जाल तेव्हा एचपी, केव्हीएआर आणि ४४० व्होल्ट चिठ्ठीवर लिहून न्या. दुकानदार मोठा घ्या म्हणाला तर चिठ्ठी दाखवा. मोठा घेऊ नका.

जोडणीही चुकवू नका. कपॅसिटर स्टार्टरच्या पुढे मोटारीच्या बाजूला, मोटारीबरोबर चालू आणि बंद होईल असाच जोडा. मेन स्विचवर कायम जोडून ठेवलेला कपॅसिटर रात्री मोटार बंद असतानाही लाइनवर राहतो. कपॅसिटर ओव्हरलोड रिलेच्या (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा) पुढे मोटारीच्या बाजूला असेल तर रिलेला कमी करंट दिसतो, म्हणून सेटिंग नव्या आकड्यावर उतरवा. हे बहुतेक जण विसरतात आणि मोटार जळाली की कपॅसिटरला शिव्या देतात. स्टार-डेल्टा (आधी स्टार, मग डेल्टा जोडणीवर नेणारा) स्टार्टर असेल तर डेल्टा लागल्यावर कपॅसिटर घेणारा वेगळा कॉन्टॅक्टर हवा. बंद केल्यावर पाच मिनिटं थांबून, टेस्टरने तपासूनच हात लावा. खाऱ्या हवेत टर्मिनल हिरवी पडतात, पावसाळ्याआधी घासून घट्ट करा.

प्रश्न: बोअरला १ एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल आहे. पॅनेलमधला कपॅसिटर मोठा टाकला तर पाणी वाढेल, असं विक्रेता म्हणतो.

उत्तर: वाढणार नाही. तो वरच्यासारखा लाइनचा करंट उतरवणारा (पॉवर फॅक्टरचा) कपॅसिटर नाहीच, मोटारीला सुरू करायला आणि फिरत ठेवायला असतो. मोटार कंपनीने जेवढे मायक्रोफॅरड लिहिलेत तेवढेच बसवा. मोठा टाकाल तर वायंडिंग तापून जाईल.

‘वीज वाचवणारा डबा’ विकायला आला तर परत पाठवा. कपॅसिटरने लाइनचा करंट उतरतो, व्होल्टेज थोडं सावरतं, मोटारीचे युनिट अर्धे होत नाहीत. सौर पंपाच्या किंवा व्हीएफडीच्या (मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) पुढे तर कपॅसिटर कधीच जोडू नका, ड्राइव्ह जाईल.

योजनेबद्दल थोडक्यात: महावितरणचं साडेसात एचपीपर्यंतचं कृषी कनेक्शन असेल तर बळीराजा मोफत वीज योजना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे. सौर पंप हवा असेल तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मध्ये सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीचा ५ टक्के. पण वीज मोफत आहे म्हणून कपॅसिटर काढू नका. ट्रान्सफॉर्मर सगळ्यांचा एकच असतो, त्याचं व्होल्टेज पडलं की शेजाऱ्याबरोबर तुमचीही मोटार जळते.