फॉरेस्ट हिल्सचं को-ऑप घर आणि बीड बायपासचा प्लॉट

तुझा प्रश्न मी समजले तो असा: नवऱ्याची न्यूयॉर्कला बदली होतेय, लेक साडेपाच वर्षांची आहे, क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्समध्ये नवंकोरं करून घेतलेलं दोन बेडरूमचं को-ऑप, म्हणजे तिथल्या सहकारी इमारतीतलं घर, विकायला आहे, तर संभाजीनगरचा बीड बायपासवरचा प्लॉट विकून ते घ्यावं का. व्हिसा, विमा, बँकेचं खातं याबद्दल मी लिहीत बसत नाही, ते सरकारी साइटवर सगळं आहे. मी मूळची लातूरची आणि आता राहते फॉरेस्ट हिल्सच्याच भागात. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते, पण तुझ्या प्रश्नानं माझीच खपली निघाली.

आधी घराचं. तू पाठवलेल्या फोटोत पांढरं किचन आहे, गॅसवर चकचकीत चिमणी आहे. ती चिमणी धूर बाहेर फेकते का, हे पहिलं विचार. इथल्या जुन्या इमारतींत बऱ्याचदा ती नुसती हवा गाळून परत तुझ्याच तोंडावर सोडते. काळ्या तिखटाची फोडणी दिली की अख्ख्या घराला ठसका, आणि धुराचा अलार्म बोंबलायला लागतो तो वेगळाच. मी आजही खिडकी उघडल्याशिवाय तवा ठेवत नाही, जानेवारीतसुद्धा. दुसरं, खालच्या मजल्यावर कोण राहतं ते बघ. मी भाकरी थापायला लागले की खालच्या आजी इमारतीच्या सुपरला, म्हणजे देखभाल बघणाऱ्या माणसाला, फोन करून विचारायच्या, वर कोणी खिळे ठोकतंय का. ऐंशी टक्के फरशी गालिच्यानं झाकायची असा नियम बऱ्याच इमारतींत असतो. तो पावलांच्या आवाजासाठी. परातीचं त्यात काही लिहिलेलं नाही. नूतनीकरणाला बोर्डाची, म्हणजे इमारतीच्या कमिटीची, आणि पालिकेची परवानगी होती का, ती फाइल बंद झाली का, हे वकिलाकडून बघून घे. घरात वॉशिंग मशिन दिसलं म्हणून हुरळू नकोस. अनेक को-ऑपमध्ये त्याला बंदी असते, आणि आधीच्या मालकानं गुपचूप बसवलेलं निस्तरायची वेळ तुझ्यावर येते.

आता को-ऑपचं. तिथे तू भिंती विकत घेत नाहीस. इमारतीच्या कंपनीचे शेअर घेतेस आणि त्याबरोबर राहण्याचा करार मिळतो. आपल्याकडे १९६० च्या सहकार कायद्याखालच्या सोसायटीतही शेअर सर्टिफिकेट असतंच, म्हणून मलाही वाटलं, यात काय विशेष? विशेष आहे ते बोर्ड. दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, बँकेचे उतारे, नोकरीचं पत्र, ओळखीच्या लोकांची शिफारसपत्रं, असा गठ्ठा द्यायचा आणि मग मुलाखत. मी घेतलं तेव्हा नकार दिला तर कारणही सांगायला ते बांधील नव्हते. किमतीच्या वीस-पंचवीस टक्के रोख, शिवाय खरेदीनंतरही वर्ष-दोन वर्षांचे हप्ते निघतील एवढी शिल्लक बघतात. तुम्ही नुकतेच उतरलेले असणार, क्रेडिटचा इतिहास शून्य. शिफारसपत्र देणार कोण?

आणि प्रत्येक मोठ्या रकमेचा उगम विचारतात. आमच्या पैशात वडिलांनी लातूरचा प्लॉट विकून दिलेले होते. खरेदीखतात वडिलांचं नाव एका तऱ्हेनं, पॅनवर दुसऱ्या, पासबुकात तिसऱ्या. त्याचं प्रतिज्ञापत्र, भाषांतर, नोटरी. नंतर ग्रीन कार्डाच्या वेळी माझा जन्मदाखला. बाळंतपण माहेरी, म्हणून माझ्या जन्माची नोंद आईच्या माहेरच्या गावात, तीही उशिरा केलेली आणि त्यात माझं नावच नाही, नुसतं 'मुलगी'. सत्तरीचे वडील त्या कार्यालयात खेटे घालत राहिले. आज साहेब नाहीत, आज रजिस्टर तालुक्याला गेलंय. मी इथून फोनवर त्यांच्यावरच चिडायचे. ते म्हणायचे, "अगं, उन्हात उभा हाय, हळू बोल." हे अजून आठवलं की जेवण जात नाही. तू निघायच्या आधी सगळ्यांच्या नावांची स्पेलिंगं एक करून घे.

महिन्याचा मेंटेनन्स मोठा दिसला म्हणून दचकू नकोस, त्यात इमारतीचा मालमत्ता कर, हीटिंग, पाणी आणि इमारतीवरच्या कर्जाचा हप्ताही असतो. पण सहा मजल्यांपेक्षा उंच इमारत असेल तर दर पाच वर्षांनी बाहेरच्या भिंतींची तपासणी होते आणि दुरुस्ती निघाली की वेगळी वर्गणी येते. ती सध्या चालू आहे का, ते दलाल आपणहून सांगत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं. दोन-तीन वर्षं राहू, मग बघू, असं तू लिहिलंयस. को-ऑप या 'मग बघू'साठी नाही. भाड्यानं द्यायला बरेच बोर्ड परवानगी देत नाहीत, दिली तरी थोड्या काळाची. परत यायचं ठरलं तर विकावंच लागतं, आणि गिऱ्हाईकही पुन्हा त्याच बोर्डाच्या मुलाखतीला बसतं. आमचंही 'मग बघू'च होतं. परत जायचा विषय निघाला की हे मेंटेनन्सचा कागद काढायचे आणि विषय तिथंच थांबायचा. आम्ही राहायचं असं कधी ठरवलंच नाही गं. वडिलांचा प्लॉटही गेला, तिथं आता कोणाचं तरी मंगल कार्यालय आहे.

लेकीच्या शाळेचं. इथे इयत्ता जन्माच्या कॅलेंडर वर्षावर ठरते. माझी डिसेंबरची, लातूरला सीनियर केजीत होती, इथे थेट पहिलीत बसवली, वर्गात सगळ्यात लहान. प्रवेशाला एक फॉर्म असतो, घरी कोणती भाषा बोलता? मी मराठी लिहिलं. मग इंग्रजीची चाचणी. अनोळखी बाईंसमोर पोरगी तोंडच उघडेना. झालं, इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात. तिथल्या शिक्षिका चांगल्या होत्या, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण चित्रकलेच्या तासाला वर्गातून उठून जावं लागायचं, आणि तिला चित्रंच तेवढी आवडायची. मी लातूर पॅटर्नमधून वर आलेली, मार्क सांगा, नंबर सांगा म्हणून मागे लागायचे. शाळेतले हसून म्हणायचे, ती छान आहे. त्यानंतर तिनं मला शाळेच्या फाटकाशी मराठी बोलायला बंदी केली. ती आता कॉलेजात आहे. आजीचा फोन आला, "का करायलीस गं?" की फोन माझ्या हातात देते. त्या रकान्यात इंग्रजी लिहिलं असतं तर? तू खोटं लिही असं मी सांगणार नाही. एवढंच कर, चाचणीच्या आधी काही दिवस तिला बागेत नेऊन परक्या मुलांत खेळव.

एकटेपणाचंही विचारलंस. असतो. फ्लशिंगच्या गणपती मंदिराच्या कँटीनमध्ये डोसा मिळतो, जॅक्सन हाइट्सला एक्सप्रेस गाडी थेट जाते, ज्वारीचं पीठ तिथं मिळतं. होतं सगळं.

तर आधी एक वर्ष भाड्यानं राहा, त्याच भागात राहा, हवं तर. प्लॉटला हात लावू नकोस, कुंपण घालून घे आणि दर सहा महिन्यांनी कोणीतरी जाऊन बघेल असं बघ, बायपासला अतिक्रमण व्हायला वेळ लागत नाही. आणि त्या घराच्या बोर्डाच्या बैठकांची इतिवृत्तं वकिलाला वाचायला लाव. त्यात गळती, उंदीर, वर्गणी सगळं लिहिलेलं असतं. वाचून झालं की मला कळव, मग फोनवर बोलू. सकाळी नको, तेव्हा माझ्या भाकरी असतात.