घाबरेपणावरचे उपचार: इंदूरच्या नव्या मैत्रिणीस

अगं, छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढलास आणि तो नॉर्मल आला, हे बरंच झालं. आता थायरॉइडही तपासून घे. ते वाढलं तरी असंच धडधडतं, हात कापतात. तेही ठीक निघालं तर सरळ मानसोपचारतज्ज्ञ गाठ. घरचे म्हणतील, "मनाला लावून घेऊ नकोस." म्हणू देत.

घाबरेपणावर डॉक्टर देतात त्या एसएसआरआय गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळतं, कधी घालमेल उलट वाढते, आणि नेमकी तिथेच माणसं गोळी सोडतात. डॉक्टरांना फोन कर, आपल्या मनाने बंद करू नकोस. अल्प्राझोलाम ही मन शांत करणारी गोळी मात्र शेजारच्या काकूंच्या डब्यातून घ्यायची नाही. लगेच बरं वाटतं, म्हणूनच तिची सवय लागते.

माझ्या मते खरी मदत सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाची. सराफा बाजाराच्या गर्दीत जीव गुदमरतो म्हणालीस ना? जाणंच टाळलंस तर भीती पक्की होते. समुपदेशकाशी ठरवून आधी दुपारी जा, दागिन्यांची दुकानं उघडी असताना. धडधड सुरू झाली तरी पळायचं नाही. एखाद्या पायरीवर टेकून ती ओसरेपर्यंत थांबायचं. ते जमलं की मग रात्री, तिथे खाण्याचे ठेले लागतात तेव्हा, भुट्ट्याच्या किसापर्यंत. (तो खाल्लाच पाहिजे असं नाही, पण खा.)

पोह्यांनंतरचा दुसरा चहा कमी कर, त्यानेही धडधड वाढते. आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर सकाळची वाट न बघता घरच्यांना उठव, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव; फुकट आहे, चोवीस तास.