खासगीकरण की कंत्राटीकरण?

लंडनमधल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मंडळाच्या अंकासाठी त्या एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, प्रायव्हटायझेशनवरचा एक लेख मराठीत आणतायत. खाजगीकरण लिहू की खासगीकरण, हा पहिला प्रश्न. आणि दुसरा असा की त्यांचे मिस्टर म्हणतात पेशंटला बिलच येत नाही तर खासगीकरण कसलं, मग दुसरा कुठला शब्द आहे का?

आधी ज आणि स चं उरकून घेऊ. मूळ शब्द अरबी ‘खास’, तो फारसीतून आपल्याकडे आला, त्यावरून खासगी, आणि खाजगी हे त्याचंच बोलताना मऊ झालेलं रूप. दोन्ही छापतात, दोन्ही चालतं, फक्त एका लेखात एकच ठेवा. मी खासगी लिहिते कारण त्यात ‘खास’ दिसतो आणि तो दिसायला हवा असं मला मनापासून वाटतं. होळकरांकडे दौलत आणि खासगी असे दोन वेगळे हिशोब असायचे, दौलत राज्याची आणि खासगी राणीच्या हातातली, आणि अहिल्याबाईंनी देशभर जे घाट, धर्मशाळा बांधल्या त्यांचा खर्च या खासगीतून व्हायचा असं सांगतात. म्हणजे पैसा खासगी आणि काम लोकांचं. तुमच्या लेखात बरोबर उलटं आहे, पैसा करातून आलेला, लोकांचा, आणि काम करणारी कंपनी खासगी. म्हणून हा शब्द लिहिण्याआधी विचारावं लागतं की नेमकं खासगी काय झालंय, पैसा, मालकी की कारभार. तुमचे मिस्टर फक्त पैशाकडे बघतायत.

आता ‘करण’. शुद्धीकरण, सुलभीकरण असे शब्द संस्कृतात च्वि प्रत्ययाने होतात आणि त्याची अटच आहे की जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं. शुद्ध पाण्याचं शुद्धीकरण होत नाही. खासगीकरण हा फारसी शब्दाला संस्कृत शेपूट लावून केलेला अलीकडचा शब्द, 1991 नंतर ‘खाउजा’मुळे (खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण) घरोघरी पोचलेला, पण अट त्यालाही लागू पडते. आणि एनएचएसमध्ये ती फार उपयोगी पडते, कारण 5 जुलै 1948 ला तिथले आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी ही व्यवस्था सुरू केली तेव्हापासूनच तिथल्या फॅमिली डॉक्टरांचे, म्हणजे जीपींचे, बहुतेक दवाखाने सरकारी नाहीत, ते करारावर काम करणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकांचे आहेत. त्यामुळे ‘जीपी सेवेचं खासगीकरण झालं’ एवढंच लिहिलं तर वाचकाची दिशाभूल होईल, तिथे छोट्या डॉक्टरांच्या जागी मोठी कंपनी आली असं सरळ लिहावं.

याउलट 1984 मध्ये ब्रिटिश टेलिकॉम या सरकारी टेलिफोन कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर विकले गेले, ते नि:संशय खासगीकरण, मालकीच बदलली. इस्पितळांचं तसं झालं नाही. 1983 पासून साफसफाई, धुलाई, जेवण यांची टेंडरं निघायला लागली, पुढे उपचारांचीही कंत्राटं गेली, आणि 2012 मध्ये तर केंब्रिजशरमधलं हिंचिंगब्रुक हे अख्खं इस्पितळ सर्कल नावाच्या कंपनीला चालवायला दिलं. इमारत एनएचएसची, कर्मचारी एनएचएसचे, पेशंटला बिल नाही, कारभार तेवढा कंपनीचा. दहा वर्षांचा करार होता, 2015 मध्येच कंपनी बाहेर पडली. याला मी ‘खासगी कंपनीला चालवायला देणं’ असंच लिहीन. कंत्राटीकरण हा शब्द मोह पाडतो पण आपल्याकडे कंत्राटी म्हटलं की लोकांना कंत्राटी नर्स, कंत्राटी भरती आठवते, म्हणजे माणसं कंत्राटावर, म्हणून तो वापरलात तर ‘सेवांचं कंत्राटीकरण’ असा पूर्ण वापरा.

पण लेखात एखादा विरोधक स्वतः प्रायव्हटायझेशन म्हणत असेल तर तिथे मात्र खासगीकरणच ठेवा, सौम्य करू नका. त्यांचं म्हणणंच हे आहे की एकेक तुकडा जातोय, ‘करण’ चालू आहे, आणि व्याकरणाने त्यांना ते म्हणायची मुभा आहे कारण करण म्हणजे क्रिया, ती पुरी झालेलीच असली पाहिजे असं नाही. मला स्वतःलाही ती भीती खरी वाटते. बाकीचे जिथे आउटसोर्सिंग म्हणतात तिथे त्यांच्या तोंडी खासगीकरण घालू नका, एवढंच.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते कारण इथे हमखास घोटाळा होतो. एनएचएस ट्रस्ट. 1991 पासून तिथली इस्पितळं ट्रस्ट झाली पण ते ट्रस्ट सार्वजनिक आहेत. महाराष्ट्रात ‘ट्रस्टचं हॉस्पिटल’ म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं, ज्याला 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात ते, म्हणजे मुळात बिगरसरकारीच. तुम्ही नुसतं ‘इस्पितळं ट्रस्टकडे गेली’ लिहिलंत तर पुण्यातला वाचक म्हणेल सरकारने हात झटकले. ‘सार्वजनिक ट्रस्ट’सुद्धा नको, तो आपल्याकडे धर्मादायचाच अर्थ देतो. ‘एनएचएस ट्रस्ट ही सरकारी यंत्रणेतलीच संस्था’ असं पहिल्यांदा येईल तिथे एकदा फोडून लिहा.

आणि मोफत लिहा, फुकट नको. फुकट मध्ये किंमत नसल्याचा वास आहे आणि ही सेवा लोक करातून आधीच भरून ठेवतात. ‘उपचाराच्या वेळी पैसे न घेता’ हे लांब आहे पण जमेल तिथे तेच वापरा.