ताईंचं पाचारण आणि आपली अडचण

पाळकसाहेब, सप्रेम सलाम.

संडे स्कूल, पेटी आणि महिला मंडळाचा हिशेब अशी तिन्ही कामं पाहणाऱ्या ताईंना दूरच्या वसतिगृहात सेवेचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे, आणि कमिटीतले काही जण 'निदान नाताळ होऊ द्या' म्हणून त्यांना गळ घालताहेत, असं तुम्ही लिहिलंय. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीत मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

नाताळ झाला की लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, येतो, मग ईस्टर, मग मे महिन्यातली व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा. मंडळीचं वर्ष कधी रिकामं नसतंच. तेव्हा सणाकडे न बघता तारीख ताईंना ठरवू द्या. दोन-तीन महिने मिळाले तरी पुष्कळ.

बायबलमधला प्रेषितांची कृत्ये 13 उघडून कमिटीत वाचा. अंत्युखियाच्या मंडळीत पाच संदेष्टे व शिक्षक नावानिशी दिले आहेत: बर्णबा, शिमोन, लूक्य, मनाएन, शौल. त्यातले दोघे पवित्र आत्म्यानं आपल्या कामासाठी मागितले, आणि तेही बर्णबा आणि शौल (म्हणजे पौल)! 'लूक्याला न्या, बर्णबाला राहू द्या' असं कुणी म्हटल्याचं तिथं लिहिलेलं नाही. उपास केला, प्रार्थना केली, हात ठेवले आणि रवाना केलं.

एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतः, एकदाच, घरी जाऊन विचारा: 'ताई, थकवा आलाय का? कुणी दुखावलंय का?' तसं असेल तर सहा महिने विश्रांती द्या, वाद असेल तर मिटवा. नसेल तर विषय तिथंच सोडा. पुन्हा पुन्हा विचारलं की ती चौकशी राहत नाही, दबाव होतो. 'तुमच्याशिवाय मुलं येणार नाहीत' हे वाक्य तर कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका.

आता खरी अडचण. तुम्ही ताईंच्या जागी माणूस शोधताय. तसा माणूस मिळणार नाही, कारण ती एका माणसाची जागा नव्हतीच. निर्गम 18 मध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करणाऱ्या मोशेला त्याच्या सासऱ्यानं, इथ्रोनं, हजार, शंभर, पन्नास, दहा माणसांवर नायक नेमायला सांगितलं. तुम्हीही तिन्ही कामं वेगळी करा. हिशेब मंडळातल्याच कुणाकडे द्या. पेटीला तरुण संघातला एखादा पोरगा बसवा. चार रविवार सूर चुकेल, चुकू दे. संडे स्कूलचे वर्ग काही दिवस एकत्र घ्यावे लागले तरी चालेल. आणि ताईंच्या धाकट्या जावेला आपोआप त्यांची वारस धरू नका. आपल्याकडे ही खोड फार आहे.

आणि माणूस गेला म्हणून त्याचं काम जात नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तशिष्यांचा स्वतंत्र मेळा सुरू केला. त्यांची गीतं मात्र आपण आजही दर रविवारी गातोच.

निरोपाच्या उपासनेत ताईंना पुढं बोलवून हात ठेवून प्रार्थना करा, त्या वसतिगृहासाठी महिन्याचं एक दान लावून घ्या. नंतर दर शनिवारी 'अमुक कुठं ठेवलंय' म्हणून त्यांना फोन नको. कपाटाची किल्ली, मुलांच्या पालकांचे नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद त्याआधीच घेऊन ठेवा.