मुदतवाढीच्या दिवशी तुमचा भाऊ कोर्टात होता का?

डोंबिवलीच्या एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्यांच्या धाकट्या भावाला 9 मार्च 2025 च्या रात्री अटक झाली. स्कूटरच्या डिकीत 54 ग्रॅम मेफेड्रोन, म्हणजे बोलीभाषेतले एमडी, सापडले असा आरोप आहे. 10 मार्चला पहिला रिमांड झाला. 2 सप्टेंबरला सरकारी वकिलांनी तपासासाठी आणखी मुदत मागितली आणि 3 सप्टेंबरला विशेष न्यायालयाने 60 दिवसांची मुदतवाढ दिली. 22 सप्टेंबरला पत्र लिहीपर्यंत दोषारोपपत्र दाखल झालेले नव्हते. घेतलेल्या वकिलांनी ‘एनडीपीएसमध्ये (म्हणजे गुंगीकारक औषधी द्रव्यांच्या कायद्यात) जामीन होत नसतो, खटला चालू द्या’ असे सांगितले आहे. ताईंचा प्रश्न असा की, पंच पोलिसांच्या ओळखीचे आहेत आणि माल भावाचा नव्हता, हे कोर्टाला पटवायचे कसे?

ताई, हे उत्तर प्रसिद्ध होण्याआधीच मी तुम्हाला ईमेलने पाठवले आहे, कारण तुमच्या प्रकरणात वाया जाणारा एकेक दिवस भावाच्या विरोधात जातो. पंचांचा आणि मालकीचा मुद्दा खटल्याच्या वेळी येईल. आज त्याचा काही उपयोग नाही. तुमच्या पत्राची साडेतीन पाने त्यावर गेली आहेत, आणि ज्या एका वाक्यावर भावाची सुटका अवलंबून आहे ते तुम्ही चौथ्या पानाच्या तळाशी, तक्रारीच्या सुरात, लिहिले आहे: ‘गणपतीच्या बंदोबस्तामुळे पोलीस पार्टी मिळाली नाही म्हणून 3 तारखेला त्याला कोर्टात नेलेच नाही, व्हीसीवरही (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) घेतले नाही, मुदत वाढल्याचे त्याला 15 तारखेला कळले.’ हे खरे असेल, तर आपण बोलायचे ते फक्त याविषयी.

सर्वसाधारण गुन्ह्यांत तपास 60 किंवा 90 दिवसांत संपवून दोषारोपपत्र दाखल करावे लागते. ते झाले नाही, तर आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क उत्पन्न होतो. त्यालाच डिफॉल्ट जामीन म्हणतात. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 167 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 मध्ये आहे. गुंगीकारक औषधी द्रव्यांच्या 1985 च्या कायद्यातील कलम 36-अ, उपकलम 4 ने व्यावसायिक प्रमाणाच्या (मेफेड्रोनसाठी 50 ग्रॅमपेक्षा जास्त) गुन्ह्यांसाठी ही मुदत 180 दिवस केली आहे, आणि त्याच्या परंतुकाने ती एक वर्षापर्यंत वाढवण्याचा अधिकार विशेष न्यायालयाला दिला आहे. पण हा अधिकार मोकळा नाही. त्यासाठी सरकारी वकिलांचा अहवाल लागतो, त्यात तपासाची प्रगती दिसावी लागते आणि 180 दिवसांपलीकडे या विशिष्ट आरोपीला कोठडीत का ठेवायचे याची विशिष्ट कारणे असावी लागतात.

आता दिवस मोजू. 27 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मुंबईतून गेलेल्या एका प्रकरणात ठरवले की, रिमांडचा पहिला दिवसही मोजायचा. त्या हिशेबाने 10 मार्च हा पहिला दिवस आणि 5 सप्टेंबर हा 180 वा दिवस. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी मुदत संपत होती, म्हणून सरकार पक्षाने 177 व्या दिवशी अर्ज केला आणि 178 व्या दिवशी आदेश मिळवला. तारखांपुरते त्यांचे काम बिनचूक आहे, त्यात खोट काढत बसू नका. त्यांचा आदेश कायद्याने टिकला, तर 60 दिवस 4 नोव्हेंबरला संपतील. टिकला नाही, तर तुमच्या भावाचा हक्क 6 सप्टेंबरलाच उत्पन्न झालेला आहे.

तो टिकतो का, याचे उत्तर जिगर विरुद्ध गुजरात राज्य या 23 सप्टेंबर 2022 च्या निकालात आहे. न्यायमूर्ती अभय ओक यांनी लिहिलेल्या या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मुदतवाढीचा अर्ज विचारात घेतला जात असताना आरोपीला प्रत्यक्ष किंवा व्हिडिओद्वारे हजर ठेवणे आणि असा अर्ज आला आहे हे त्याला सांगणे बंधनकारक आहे. हे न करणे ही केवळ कार्यपद्धतीतली चूक नाही, तर घटनेच्या अनुच्छेद 21 चा भंग करणारी गंभीर बेकायदेशीर बाब आहे, आणि त्यामुळे नुकसान काय झाले हे आरोपीने वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही. तो निकाल गुजरातच्या संघटित गुन्हेगारी कायद्याखालचा होता, पण तिथली मुदतवाढीची तरतूद आपल्या कलम 36-अच्या परंतुकासारखीच आहे. त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटले आहे की, आरोपीला लेखी नोटीस किंवा अहवालाची प्रत द्यावीच लागते असे नाही. त्यामुळे ‘आम्हाला प्रत दिली नाही’ असा मुद्दा तुमच्या वकिलांनी पुढे करू नये. त्यातून भक्कम मुद्द्याला कमकुवत मुद्द्याची जोड मिळते आणि न्यायाधीशांचे लक्ष नेमके कमकुवत मुद्द्याकडे जाते.

आता मला रागाने लिहावे लागते आहे, आणि तो राग केवळ तुमच्यावर नाही. 15 सप्टेंबरला भावाला समजले, 22 ला तुम्ही मला पत्र लिहिले, आणि मधल्या आठवड्यात एक पानाचा अर्जसुद्धा कोणी दिला नाही. डिफॉल्ट जामिनाचा हक्क आपोआप अमलात येत नाही. तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी मागावा लागतो. एम. रवींद्रन विरुद्ध महसूल गुप्तचर संचालनालय या 26 ऑक्टोबर 2020 च्या निकालातले प्रकरण एनडीपीएसचेच होते. तिथे 180 दिवस संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आरोपीचा अर्ज दाखल झाला आणि त्याच दिवशी दुपारी 4 वाजून 25 मिनिटांनी तपास यंत्रणेने तक्रार, म्हणजे तिथे दोषारोपपत्राच्या जागी असणारा कागद, दाखल केली. सर्वोच्च न्यायालयाने जामीन कायम ठेवला, कारण अर्ज आधी होता. त्या माणसाचे स्वातंत्र्य सहा तासांच्या अंतराने वाचले. उलट 2023 मध्ये गुजरातच्याच दुसऱ्या एका प्रकरणात पहिल्या मुदतवाढीच्या वेळी आरोपी हजर नव्हता, पण त्या आदेशाला वेळेत आव्हानच दिलेले नव्हते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जामीन नाकारला. म्हणजे बेकायदेशीर आदेशसुद्धा गप्प बसलेल्या माणसाविरुद्ध टिकून जातो. तपास अधिकाऱ्याने उद्या सकाळी दोषारोपपत्र कार्यालयात दिले आणि तुमचा अर्ज दुपारी गेला, तर मी वर लिहिलेल्यातले फारसे काही तुमच्या कामाचे उरणार नाही.

म्हणून दोन अर्ज करायचे. पहिला विशेष न्यायालयात, डिफॉल्ट जामिनाचा. त्यात 3 सप्टेंबरचा आदेश आरोपीच्या गैरहजेरीत झाल्याने तो निष्प्रभ आहे, 180 दिवस 5 सप्टेंबरला संपले आहेत आणि आरोपी जामीन देण्यास तयार आहे, हे तीन मुद्दे स्पष्ट लिहावेत. अर्जावर तारखेबरोबर वेळेचीही नोंद करून घ्यावी. विशेष न्यायालय स्वतःचाच आदेश चुकीचा म्हणायला बहुधा तयार होणार नाही, म्हणून दुसरा अर्ज उच्च न्यायालयात, खुद्द मुदतवाढीच्या आदेशाला आव्हान देणारा. पहिल्याच्या निकालाची वाट न पाहता. नक्कल मिळाली नाही म्हणून थांबू नका. आदेश ई-कोर्ट्सवर दिसत असेल तर त्याची छापील प्रत जोडा आणि नक्कल नंतर सादर करण्याची परवानगी मागा.

पुरावा रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, आहे. 3 सप्टेंबरच्या रोजनाम्यात ‘आरोपीस कारागृहातून हजर केले नाही’ असे असेल, तर अर्धी लढाई तिथेच जिंकलेली आहे. एका प्रकरणात मला रोजनाम्याच्या समासात शिरस्तेदारांच्या हाताने लिहिलेले ‘गार्ड नाही’ एवढे दोनच शब्द सापडले होते, आणि उच्च न्यायालयात सारा युक्तिवाद त्या दोन शब्दांवर उभा राहिला. पण त्याच रोजनाम्यात ‘आरोपी व्हीसीद्वारे हजर’ अशी नोंद असेल, तर भावाच्या तोंडी सांगण्यावर विसंबता येणार नाही; मग त्या दिवशी कारागृहातील व्हीसी कक्षाच्या नोंदवहीत त्याचे नाव आहे का, हे न्यायालयाला मागवायला सांगावे लागेल. तुमचे वकील त्या दिवशी न्यायालयात उपस्थित होते का, याविषयी पत्रात काहीच नाही. ते उपस्थित असतील आणि त्यांनी हरकत घेतली नसेल, तर सरकार पक्ष त्याचा आधार घेईल. निकालाचा रोख आरोपीच्या स्वतःच्या हजेरीवर आहे असे माझे मत आहे, पण या मुद्द्यावर मी तुम्हाला खात्री देणार नाही.

मुदतवाढीचा अर्जही डोळ्यांखालून घाला. मी पाहिलेल्या अशा बहुतेक अर्जांत तपास अधिकाऱ्याचेच पत्र असते, त्याखाली सरकारी वकिलांची सही असते आणि कारण म्हणून ‘सीए रिपोर्ट प्रलंबित’, म्हणजे प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणीचा अहवाल यायचा आहे, एवढेच असते. सरकारी वकील हा पोलिसांचा टपालवाला नाही, त्याने स्वतःची बुद्धी लावून अहवाल द्यायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या टाडाच्या (दहशतवादविरोधी कायद्याच्या) प्रकरणात सांगितले आणि पुढे एनडीपीएसलाही लागू केले. मेफेड्रोन 2015 मध्ये या कायद्याच्या कक्षेत आले. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत चरस आणि ब्राउन शुगर मागे पडून एमडीच पुढे आले आहे, आणि प्रयोगशाळेचा अहवाल वेळेत येत नाही ही रड जवळपास प्रत्येक फायलीत आहे. प्रयोगशाळेवर ताण आहे हे मला मान्य आहे. पण तो ताण सरकारने मनुष्यबळ देऊन हलका करायचा, की पंचविशीतल्या मुलाच्या कोठडीचे दिवस वाढवून? जेव्हा जेव्हा मी छापील नमुन्यासारखे मुदतवाढीचे आदेश वाचतो, तेव्हा हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

बाकीच्या मुद्द्यांविषयी मी सावधपणे लिहितो. पंचनाम्यात ‘प्लॅस्टिकच्या पिशवीसह 54 ग्रॅम’ असे लिहिले आहे. मेफेड्रोनचे व्यावसायिक प्रमाण 50 ग्रॅमपेक्षा जास्त असे आहे. 2020 च्या निकालानुसार भेसळीचे वजन धरले जाते, पण पिशवी ही भेसळ नव्हे. निव्वळ वजन 50 ग्रॅमच्या आत निघाले, तर 180 दिवसांची मुदतच लागू होत नाही आणि जामिनावरची कलम 37 ची कडक बंधनेही गळून पडतात. मात्र नमुने घेताना झालेली वजनाची नोंद पाहिल्याशिवाय यावर इमारत बांधू नका. अर्जात पर्यायी मुद्दा म्हणून तो जरूर घ्या. कलम 50 खालच्या झडतीचा मुद्दा तुम्ही लिहिला आहे, पण ते संरक्षण अंगझडतीला आहे, डिकीच्या झडतीला ते सहसा लागू पडत नाही. नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर घेतले नाहीत, हा कलम 52-अ चा मुद्दा खटल्यात उपयोगी पडू शकतो. केवळ त्यावर जामीन मिळेल असे आता समजू नये. आणि दोषारोपपत्र सीए रिपोर्टशिवाय आले, तर ते अपूर्ण मानावे का, यावर उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2021 मध्ये आरोपीच्या विरुद्ध मत दिलेले आहे. तेव्हा त्या आशेवर 4 नोव्हेंबरपर्यंत वाट पाहण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो मानू नका.

तुमच्या वकिलांचे ‘एनडीपीएसमध्ये जामीन होत नाही’ हे म्हणणे कलम 37 पुरते समजण्यासारखे आहे. आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे आणि तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी दुहेरी खात्री पटल्याशिवाय त्या कलमाखाली जामीन मिळत नाही, आणि दोषारोपपत्रानंतर ही वाट वर्षानुवर्षांची होते. पण डिफॉल्ट जामिनाला कलम 37 आडवे येत नाही. तो गुणदोषांवर मिळत नाही, तपास यंत्रणेने मुदत चुकवली म्हणून मिळतो. पुढे दोषारोपपत्रातून भक्कम पुरावा आणि विशेष कारणे दिसली, तर तो रद्द करण्याचा अर्ज सरकार पक्ष करू शकतो, हे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. म्हणून बाहेर आल्यावर एकही तारीख चुकवायची नाही.

शेवटी जामीनदार. रवींद्रन निकालातच म्हटले आहे की, जामीन मंजूर होऊनही त्याची पूर्तता ठरलेल्या मुदतीत केली नाही आणि दरम्यान दोषारोपपत्र आले, तर हक्क जातो. मामांचे नाव तुम्ही लिहिले आहे, पण त्यांचा सात-बारा आजोबांच्या नावावर आहे. तो चालणार नाही, आणि तहसीलदारांकडून ऐपतीचा दाखला मिळायला वेळ लागतो. दुसरा जामीनदार आजच पाहा, त्याचे रेशन कार्ड, आधार, घरपट्टीची चालू पावती आणि नोकरी असल्यास तीन महिन्यांच्या पगारपत्रकांच्या प्रती तयार ठेवा, आणि जामीनदार पडताळणी होईपर्यंत तात्पुरत्या रोख जामिनावर सोडावे अशी विनंती मूळ अर्जातच लिहायला वकिलांना सांगा. वकिलांना हे करायचे नसेल, तर त्यांच्याकडून ना हरकत घेऊन नवा वकालतनामा करा. तेवढ्यालाही वेळ नसेल, तर भावाने कारागृह अधीक्षकांमार्फत स्वतःच्या सहीने अर्ज पाठवावा. डिफॉल्ट जामिनाची मागणी तोंडी केली तरी ती ग्राह्य धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटले आहे. पुढच्या तारखेला त्याला हजर केले गेले, तर न्यायाधीशांसमोर उभे राहून त्याने एवढेच म्हणावे की, मुदतवाढीच्या दिवशी मला आणले नव्हते, माझी मुदत संपली आहे, मला जामीन हवा आहे. आणि वकिलांनी ते वाक्य रोजनाम्यात उतरवून घ्यावे.